चंद्रावरून पाहिलेलं गिरान

मी भूमापन खात्यात मोजणीदार होतो. तिपाईवर फळी मांडायची, फळीवर कागद ताणायचा आणि शेताच्या कोपऱ्यांवर रोवलेल्या झेंड्यांकडे पाहून रेघा मारायच्या, हे माझं काम. या कामात माणूस एक गोष्ट लवकर शिकतो. एका जागेवरून सगळे कोपरे कधीच दिसत नाहीत. कुठं विहिरीवरचा आंबा आडवा येतो, कुठं कडब्याची गंजी, कुठं जमिनीचाच उंचवटा. मग फळी उचलून दुसरीकडे मांडावी लागते. दुसरं असं की, उन्हाळ्यात दहानंतर जमीन तापली की झळांमधून पलीकडची झेंडी नाचायला लागते. झेंडी जागची हलत नाही, हवा हलते. पण रेघ चुकते ती चुकतेच. म्हणून आम्ही मोजणी सकाळी उरकायचो.

त्यामुळे चंद्रावर दुर्बीण ठेवण्याची कल्पना वाशीमच्या वाचनालयात आलेल्या एका मासिकात मी वाचली, तेव्हा मला तिचं फारसं नवल वाटलं नाही. इथल्या दुर्बिणीतून पाहणारे लोकही झळांमधूनच पाहतात. तारा लुकलुकतो म्हणजे आमची झेंडीच नाचते. चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथं तारा लुकलुकत नाही. आकाश भरदुपारीही काळं असतं, त्यामुळे सूर्याला आडोसा केला की दिवसाही तारे पाहता येतात. तिथली रात्र आपल्या जवळजवळ पंधरा दिवसांची, म्हणजे एकाच ताऱ्यावर नजर ठेवायची तर मधे उजाडत नाही. वजन सहावा हिस्सा भरतं, म्हणजे इथं जी दुर्बीण स्वतःच्या भारानं वाकेल ती तिथं सरळ उभी राहील. चंद्राची जी बाजू आपल्याला कधी दिसत नाही, तिथं पृथ्वीवरच्या रेडिओंचा गोंगाटही पोचत नाही. दोन वर्षांपूर्वी तिथं गेलेल्या माणसांनी यानाच्या सावलीत एक दुर्बिणीचा कॅमेरा उभा केला होता. आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात त्यानं ताऱ्यांचे आणि पृथ्वीचेही फोटो काढले. फिल्म घेऊन माणसं परत आली, कॅमेरा तिथंच राहिला. मासिकात अडचणीही दिल्या होत्या : बारीक चिकट धूळ, दिवसा भाजणारी उष्णता, रात्री भयंकर थंडी, आणि खर्च. मंगळावर ठेवायची म्हटलं तर तिथं थोडी हवा आहे आणि धुळीची वादळं होतात, म्हणून ती जागा त्या मानानं कमी बरी. मला हे सगळं पटलं. फळी मांडायची जागा निवडताना आम्हीही हेच पाहायचो.

हे चौऱ्याहत्तर साल. नोकरीमुळे मी बायकोमुलांसह वाशीमला राहत होतो, पण आमचं गाव केनवडच्या बाजूला. गावात वस्तीच्या टोकाला माझी विधवा आत्या एकटी राहायची. वय साठीच्या पुढे. गुडघे धरलेले, त्यामुळे कापूस वेचायला दिवसभर वाकणं तिला होत नसे. त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमेला चंद्राला खग्रास ग्रहण होतं, आणि तेही सोयीच्या वेळी : सातच्या सुमारास लागणार, आठनंतर पूर्ण झाकणार. सगळं गाव जागं असताना. त्यावरून आत्याचं आणि वस्तीतल्या तरुण मंडळाचं वाजलं.

कारण असं. पूर्वी ग्रहण लागलं की आमच्या लोकांनी टोपलं घेऊन गावात फिरायचं आणि 'दे दान, सुटे गिरान' असं ओरडायचं, ही रीत होती. चंद्राला धरणारा आमच्यातलाच कोणी, त्याचं देणं आमच्या टोपल्यात पडलं की तो चंद्राला सोडतो, असा गावाचा समज. घराघरातून ज्वारी, मीठ, जुनं लुगडं मिळायचं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर वस्तीनं हे सोडलं. सगळ्यांनी एकदम नाही सोडलं. एकेका ग्रहणाला टोपली कमी होत गेली आणि शेवटी एकट्या आत्याचं टोपलं राहिलं. एका मोठ्या ग्रहणात तिला दीड-दोन महिने पुरेल इतकी ज्वारी मिळायची. कार्तिकात जुनी ज्वारी संपलेली असते आणि नवी खळ्यावर यायची असते. तिला नेमकी तेव्हाच गरज होती.

मंडळाचा चिटणीस शेजारच्या गावात प्राथमिक शिक्षक होता. कडक मुलगा. त्यानं बैठकीत ठराव केला, की यंदा जो टोपलं घेऊन फिरेल त्याच्या घरी वस्तीतलं कोणी लग्नाला जाणार नाही आणि मयतीलाही जाणार नाही. आत्याच्या घरी लग्न व्हायचं कोणाचंच राहिलं नव्हतं. तेव्हा ठरावाचा अर्थ सगळ्यांना कळला.

मी सुटीत गावी गेलो तर ती ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. सुपात फार नव्हती.

"आला का बापू? त्या मास्तरानं तुले सांगतलंच असन."

"सांगितलं. जाणार आहेस का तू?"

"जाईन नाई तं काय करीन? थो म्हनते, मयतीले कोनी येनार नाई. मेल्यावर मले दिसते का कोन आलं न कोन नाई? भाकर तं जित्तेपनी लागते!"

हे ती हसत म्हणाली. पण थोड्या वेळानं सूप बाजूला ठेवून म्हणाली, "माह्याच हातानं नाळ कापली रे त्याची. थो मले असं म्हनते."

मी तिला वाशीमला चल म्हटलं. ती म्हणाली, "दोन खोल्यात तुमी सहा जन. मी काय खुंटीले टांगून घेऊ?"

संध्याकाळी चिटणीस आला. पौर्णिमेच्या आदल्या रविवारी मी विहाराच्या अंगणात चंद्राविषयी बोलावं, असं त्याचं म्हणणं होतं. "तुमी वाचता, भाऊ. तुमचं बुढी आयकन."

मी त्याला स्पष्ट सांगितलं, की तिनं जावं की जाऊ नये हे मी सांगणार नाही. चंद्रावरून काय दिसतं एवढं सांगेन. तो म्हणाला, चालेल.

विहार म्हणजे तेव्हा टिनाची एक खोली आणि समोर सारवलेलं अंगण. रविवारी दिवेलागणीला तीस-चाळीस माणसं जमली. आत्या बायकांच्या मागे, भिंतीला टेकून. मी माझ्या फळीपासून सुरुवात केली, कारण मोजणी सगळ्यांनी पाहिली होती. झळांमधली झेंडी सांगितली आणि मग चंद्रावरची दुर्बीण. लोकांनी शांतपणे ऐकलं, पण मग प्रश्न सुरू झाले.

"पंधरा दिवसाची रात? मंग तठचा रातपाळीचा गडी मेलाच म्हना," एकानं म्हटलं.

"तठी उनात थे दुर्बिन तडकत नसन का?"

"तडकेल, म्हणून सावलीत ठेवतात," मी म्हटलं.

मागून एक म्हातारा म्हणाला, "काहो मोजनीदार, तठून आपलं शिवार दिसते का?"

"पृथ्वी दिसते. आपल्याला चंद्र दिसतो त्याच्या पावणेचारपट रुंद. आणि ती उगवत नाही की मावळत नाही. चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूला ज्या जागी उभं राहाल, तिथून ती आकाशात जवळपास एकाच ठिकाणी दिसते."

"म्हंजे चोवीस तास नजर! मंग पाटलानं कोरलेला बांध दिसन ना?"

अंगण हसलं. बांध खरोखरच कोरलेला होता, पण ती मोजणी माझ्याकडे नव्हती.

हसणं थांबल्यावर भिंतीजवळून आत्याचा आवाज आला. "बापू, तठून पाह्यलं तं गिरान कसं दिसते?"

याची मी तयारी करून आलो नव्हतो. पण करून दाखवणं सोपं होतं. कंदील खोलीच्या दारात स्टुलावर ठेवला. अंगणाच्या मधोमध, दोघांनी आडव्या धरलेल्या वाशाला दोरीनं एक काळं गाडगं टांगलं. आत्याला उठवून समोर बाजेवर बसवलं.

"कंदील म्हणजे सूर्य. गाडगं म्हणजे पृथ्वी, आपण सगळे तिच्यावर. तू चंद्रावर बसली आहेस. आता सरक हळूहळू."

ती बाजेवर बसल्या बसल्या सरकत गेली. कंदिलाचा उजेड तिच्या तोंडावर होता, तो एका गालावरून जायला लागला.

"काय दिसतं?"

"कंदील कटत चालला. गाडगं आडवं येऊन राह्यलं." आणखी सरकली. "गेला. गेला कंदील."

तिचा चेहरा आता अंधारात होता. गाडग्याच्या कडेनं थोडा उजेड फाकत होता. मी सांगितलं, की पृथ्वीभोवती हवा आहे, त्या हवेतून वाकून तांबूस उजेड पलीकडे जातो. ग्रहणात चंद्रावर उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वी काळी दिसेल आणि तिच्या कडेनं लाल कडं. त्या घडीला जगात जिथं जिथं सकाळ होते आहे आणि जिथं जिथं संध्याकाळ, त्या सगळ्यांचा तो उजेड. म्हणून आपल्याला चंद्र तांब्यासारखा दिसतो.

आत्याला कड्यात रस नव्हता. ती म्हणाली, "म्हंजे चांदाले कोनी धरतच नाई?"

"नाही. आपण त्याच्या उजेडाच्या आड येतो."

"आपन म्हंजे कोन? आपल्या वस्तीतले?"

"पृथ्वीवर जे जे आहे ते सगळे."

"पाटीलबी?"

"पाटीलही. त्यांची बैलजोडीही."

पुन्हा हसू झालं. ती हसली नाही. "मंग इतके दिवस एकले आमीच काहून फिरलो?"

चिटणिसाला वाटलं काम झालं. तो पुढे होऊन म्हणाला, "म्हनूनच म्हनतो आत्याबाई, जाऊ नका. मंडळ वर्गनी काढन. तुमाले जवारी कमी पडू देनार नाई."

आत्या बाजेवरून उतरली. "थे दानच झालं ना मास्तर? पाटलाच्या हातचं काय न तुह्या हातचं काय. टोपलं तं माहंच." आणि घरी गेली. जाते की नाही हे तिनं सांगितलं नाही, आणि त्या रात्री कोणी विचारलंही नाही.

पौर्णिमेला मी पुन्हा आलो. थंडी पडली होती. माणसं घोंगड्या पांघरून अंगणात बसली होती. चंद्र बाभळींच्या वर आला होता. सातनंतर त्याच्या खालच्या कडेला धुरकट डाग दिसायला लागला, आणि त्याच वेळी आत्या तिच्या घरातून निघाली. बगलेत टोपलं होतं.

चिटणीस उठून उभा राहिला. मीही उठलो, कशासाठी ते सांगता येणार नाही. गावात जायची वाट अंगणाच्या कडेनंच होती. आत्या चालत अंगणापर्यंत आली, बायकांच्या रांगेत जागा पाहिली, टोपलं उपडं घातलं आणि त्याच्यावर बसली.

"भुई गार हाये," ती म्हणाली.

चिटणीस बसला. पुढे बराच वेळ सगळे वर पाहत राहिले. आठनंतर चंद्र पूर्ण झाकला. मासिकात लिहिला होता तसाच, तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा रंग. गावातून भजनाचा आवाज येत होता. तेवढ्यात वस्तीच्या वेशीवर, जिथं एक हद्दीचा दगड होता, कंदील घेतलेलं कोणीतरी येऊन थांबलं. पाटलीणबाई होत्या. आत्याच्याच वयाच्या. बरोबर कोणी नाही, कमरेवर ज्वारीनं भरलेलं सूप. त्या आमच्या वस्तीत आलेल्या मी तोवर कधी पाहिल्या नव्हत्या. दगडाच्या अलीकडे त्या आल्या नाहीत. तिथूनच हाक मारली.

"काहून वं, आली नाई तू? मी दारात उभी हावो कवाची."

आत्या उठून दगडापर्यंत गेली. आम्ही जागचे हललो नाही, पण शब्द न शब्द ऐकू येत होता.

"आमी सोडलं थे, पाटलीनबाई."

"सोडलं असन. मले नाई ठावं. सुनेचे दिवस भरले हायेत. खोलीत कोंडून ठेवली, सुई हातात घेऊ देली नाई का इळा घेऊ देला नाई. आन तू आली नाई. घेनारच नाई तं माहं दान कोनाले पोचन? घे, मोठेपना करू नको."

तेव्हा मला कळलं, की घाबरलेल्या त्या होत्या. इतकी वर्षं आम्ही घेण्याचाच विचार केला होता. देणाऱ्याचं घेणाऱ्यावाचून अडतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आत्यानं सुपाकडे पाहिलं. तिच्या घरी किती होती ते मी पाहिलं होतं. हे सूप म्हणजे आठ-दहा दिवस. पाटलीणबाईंनी ते पुढे केलं. आत्यानं हात पुढे केला नाही.

"आत या," ती म्हणाली. "बाजेवर बसा घडीभर. मले भाच्यानं दाखोलं थे मी तुमाले दाखोतो."

"मी? अठी?"

"मंग राहू द्या. अठूनच सांगतो. तुमी चांदावर जाऊन पाह्यलं ना, तं गिरान चांदाले नसतेच. आपली पिरथमी आडवी येते सूर्यापुढं. तुमचा वाडा, माही झोपडी, सारं एकाच गाडग्यावर. सून तुमची खोलीत बसो का अंगनात, थे बी त्याच गाडग्यावर. धरनारा कोनी नाई, तं सोडवनार कोन?"

पाटलीणबाईंनी वर चंद्राकडे पाहिलं. "तू गेलती का चांदावर पाहाले?"

"बाजेवरून गेलती."

अंगणात कोणीतरी फसकन हसलं. पाटलीणबाईही हसता हसता राहिल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "पह्यलं पोर गेलं तिचं. मले सुचत नाई काई."

"मले ठावं हाये," आत्या म्हणाली. "दान म्हनून मी घेत नाई. पन बाळंत झाली का मले बलावा. तेल लावनं, शेकनं, लेकराचं आंघोळपानी, सारं करतो. सव्वा महिना. मजुरी द्या. रोजची शेरभर जवारी."

"शेरभर? रोजची? लुटते काय वं?"

"मंग अर्धा शेर."

"आन हे सूप?"

"हे घरी न्या. दळून सुनेले खाऊ घाला."

पाटलीणबाई सूप घेऊन परत गेल्या की ते दगडावर ठेवून गेल्या, हे अंधारात आम्हाला दिसलं नाही. सकाळी दगडावर सूप होतं. वस्तीतल्या कोंबड्या त्याच्यात आणि त्याच्याभोवती टिपत होत्या. मंडळातल्या कोणी हात लावला नव्हता, आत्यानंही नाही. दुपारी रिकामं सूप तिनं पाटलांच्या दारात नेऊन ठेवलं.

सून पुढच्या आठवड्यात बाळंत झाली. मुलगी. पाटलीणबाईंनी आधी, ग्रहणानं फाटला तर नाही ना म्हणून, तिचा ओठ पाहिला, मग हातापायांची बोटं मोजली, आणि मग आत्याला बोलावणं पाठवलं.

माझ्या हिशेबानं आत्याचं नुकसानच झालं. अर्ध्या शेरानं सव्वा महिन्यात जितकी ज्वारी होते, ती दान मिळायचं त्याहून थोडी कमी भरते, आणि त्यासाठी तिला गुडघे धरून रोज गावात जायचं होतं. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुहा हिशेब बराबर असन."

पहिल्या दिवशी मी गावातच होतो आणि तिला सोडायला पाटलांच्या दारापर्यंत गेलो. काम झाल्यावर ती मागच्या दारी आली. पाटलीणबाई सवयीनं ओंजळ भरून ज्वारी घेऊन आल्या आणि वरून तिच्या पदरात टाकायला वाकल्या. आत्यानं पदर खोचलेलाच ठेवला.

"माप आना," ती म्हणाली.

पाटलीणबाई उभ्या राहिल्या. ओंजळ तशीच धरलेली. मग आत वळून त्यांनी ज्वारी कणगीत टाकली आणि शेराचं माप घेऊन आल्या. अर्ध्याची खूण कुठं धरायची यावर दोघींची थोडी बोलाचाली झाली. आत्यानं बोट ठेवून दाखवलं, पाटलीणबाईंनी तेवढी भरली. आत्यानं वरून हात फिरवून ती सपाट केली, पाहिली, आणि मग पदर सोडून पुढे केला.